येत होतं, पण आठवलं नाही

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही तीन-चार मित्र दर रविवारी जमातीच्या हॉलमध्ये कॉलेजच्या मुलामुलींचा अभ्यास घेतो. दोघे निवृत्त शिक्षक, एक बँकेतला, एक औषध कंपनीत नोकरी करून परतलेला. फी नाही, हजेरी नाही. ज्याला जे अडेल ते त्याने विचारावं, एवढाच नियम.

गेल्या वर्षी या हॉलमध्ये बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी येत होती. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. अब्बा कुवेतला, अम्मी आणि दोन लहान भाऊ गावी. हिवाळी परीक्षेच्या आदल्या रविवारी आम्ही तिला ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या बेंझीनच्या अभिक्रिया विचारल्या. फळ्यावर तिने त्या एकामागून एक लिहून दाखवल्या आणि शेजारी बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला समजावूनही सांगितल्या. आम्ही निर्धास्त झालो.

निकाल लागला आणि ती दोन विषयांत नापास होती, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिकल फार्मास्युटिक्स. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतरच्या रविवारी अम्मीला सोबत घेऊन आली. बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सर, येत होतं, पण आठवलं नाही. पेपर हातात आला आणि सगळं पुसल्यासारखं झालं. बाहेर पडून रिक्षात बसले तर एकेक आठवायला लागलं.”

अम्मीचं म्हणणं होतं की नजर लागली. गावातल्या मामूंचं म्हणणं होतं की मोबाइलमुळे अभ्यासच झाला नाही, आणि त्यांनी लगेच एक स्थळही सुचवलं होतं. अब्बांचा कुवेतहून फोन आला होता, “बेटा, मी इथे ऊन डोक्यावर घेतो ते कशासाठी? विषय निघाले नाहीत तर पुढच्या वर्षाची फी भरायची की नाही, ते बघावं लागेल.” आणि खरं सांगायचं तर आम्हीही मनात तेच म्हटलं, जे बहुतेक शिक्षक म्हणतात: वरवर पाठ केलं असेल, पक्कं झालं नसेल.

आमचं चुकलं होतं. ते कसं, हे समजून घेण्यासाठी आम्हाला जे वाचावं लागलं आणि आमच्याच मुलांकडे जसं नव्याने पाहावं लागलं, ते या लेखात मांडत आहोत. आपल्या घरात कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे आपल्या उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

डोक्यातला ओटा

परीक्षेची धास्ती हा विषय नवा नाही. मानसशास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून त्याचा पद्धतशीर अभ्यास करीत आहेत. १९६७ मध्ये लिबर्ट आणि मॉरिस या दोन अभ्यासकांनी या धास्तीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. एक भाग शरीराचा: छातीत धडधडणं, हाताला घाम, पोटात गोळा, घशाला कोरड. दुसरा भाग मनाचा: ‘नापास झालो तर काय’, ‘सगळे काय म्हणतील’, ‘मला जमणारच नाही’ अशी आत सतत चालणारी बडबड. नंतरच्या अभ्यासांत वारंवार असं आढळलं की गुणांचं जास्त नुकसान हा दुसरा भाग करतो. धडधडत्या छातीने माणूस पेपर लिहू शकतो. बडबडत्या डोक्याने लिहिणं फार कठीण जातं.

याचं कारण समजायला स्वयंपाकघराकडे पाहू. घरात डबे भरलेली मांडणी असते आणि समोर ओटा असतो. मांडणीत कितीही सामान मावेल, पण भाकरी थापायची, भाजी चिरायची ती ओट्यावरच. ओटा लहान असतो. त्यावर खरकटी भांडी पडलेली असतील तर मांडणी भरलेली असूनही स्वयंपाक अडतो.

आपल्या स्मृतीचंही असंच आहे. वर्षानुवर्षांचं ज्ञान मांडणीत असतं. पण प्रश्न वाचणं, त्याचा अर्थ लावणं, पाठ केलेलं सूत्र आठवून आकडे त्यात बसवणं, हे सगळं एका छोट्या जागेत चालतं. मानसशास्त्रात तिला कार्यस्मृती म्हणतात. तिच्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. आजचे अनेक संशोधक हा आकडा चारच्या आसपास धरतात. आता या चार जागांपैकी दोन जागा ‘अब्बांना काय सांगू’ आणि ‘मागच्या बाकावरची पुरवणी मागते आहे, माझं पहिलं पानही भरलं नाही’ यांनी अडवल्या, तर उरलेल्या दोन जागांत बेंझीनची अभिक्रिया कशी मांडायची?

दुसरी अडचण मांडणीतून सामान काढण्याची. भीती वाटली की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. समोर साप दिसला तर पळण्यासाठी ती उपयोगाचीच आहेत. पण मेंदूच्या ज्या भागातून जुनी आठवण वर येते, त्या हिप्पोकॅम्पसच्या कामात कॉर्टिसॉल अडथळा आणतं. २००० साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना आदल्या दिवशी शब्द पाठ करायला दिले आणि दुसऱ्या दिवशी विचारण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली. पाठ झालेले शब्दही त्यांना कमी आठवले. तीच गोळी पाठांतराच्या वेळी दिली तेव्हा असा तोटा दिसला नाही. म्हणजे सामान मांडणीत होतं, हातात येत नव्हतं.

रिक्षात बसल्यावर सगळं आठवलं, हे त्या मुलीचं वाक्य आम्हाला बहाणा वाटलं होतं. ते तिच्या शरीराचं अचूक वर्णन होतं. पेपर संपला, भीती ओसरू लागली आणि ओटा रिकामा झाला.

नुकसान परीक्षेच्या आधीच सुरू होतं

परीक्षेच्या तीन तासांचं नुकसान दिसतं तरी. त्याआधीच्या चार-पाच महिन्यांचं दिसतच नाही.

धास्तावलेला विद्यार्थी पुस्तक घेऊन बसतो, पण एकच पान चार वेळा वाचतो. डोळे ओळींवरून फिरतात आणि मन निकालाच्या दिवशी जाऊन बसलेलं असतं. मायकेल आयझेंक आणि मॅन्युएल काल्व्हो यांनी १९९२ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे लागू पडतो. त्यांच्या मते चिंता कामाच्या फळापेक्षा कामाच्या कार्यक्षमतेला जास्त मारते. शांत मुलगा जे दोन तासांत शिकतो, तेच शिकायला चिंताग्रस्त मुलाला चार तास लागतात. गुण कदाचित सारखेच पडतील, पण हा दमून गेलेला असतो, आणि अभ्यासक्रम वाढला की तो मागे पडतो. घरचे म्हणतात, “दिवसभर तर पुस्तक घेऊन बसलेला असतो!” खरंच बसलेला असतो. तेच तर दुखणं आहे.

मग टाळाटाळ सुरू होते. ज्या विषयाची भीती त्याचं पुस्तक सर्वांत खाली जातं. वर्गात शंका विचारायची हिंमत होत नाही, कारण विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल. सबमिशन शेवटच्या रात्रीवर जातं. टाळल्यावर घटकाभर बरं वाटतं, म्हणून मन पुन्हा टाळायला शिकतं. अभ्यास साचतो, साचल्याने भीती वाढते, आणि वाढलेली भीती पुन्हा पुस्तकापासून दूर नेते.

शेवटी झोप जाते. दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो. रात्रभर चहा पिऊन जागणारा मुलगा आपल्याच मांडणीतले डबे उघडे टाकून देतो.

आणि आपल्याकडे यात भाषेची भर आहे. दहावीपर्यंत मराठी किंवा उर्दू माध्यम, आणि बारावीनंतर एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तकं. वाक्य आधी मनात आपल्या भाषेत आणायचं, मग समजून घ्यायचं, मग उत्तर पुन्हा इंग्रजीत न्यायचं. हे सगळं त्याच छोट्या ओट्यावर. त्यामुळे तेवढीच धास्ती या मुलांना जास्त महाग पडते. यात त्यांच्या बुद्धीचा काही दोष नाही.

थोडी भीती मात्र हवी

याचा अर्थ मुलांना भीतीच वाटू नये, असा नाही. १९०८ मध्ये यर्कीज आणि डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. काळ्या आणि पांढऱ्या पेटीतून योग्य ती निवडायची; चुकलं की विजेचा हलका झटका. पेट्यांतला फरक सहज दिसेल असा होता तेव्हा जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणं कठीण केलं तेव्हा मात्र जोरदार झटक्याने त्यांचं शिकणं मंदावलं. मध्यम झटक्यालाच ते चांगलं शिकले. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे, पण घरोघरचा अनुभव याला दुजोरा देतो. अंगण झाडायला सांगताना ओरडलं तर काम लवकर होतं. गणित शिकवताना ओरडलं तर येत असलेलंही जातं.

विद्यापीठाचा अभ्यास म्हणजे कठीण काम. तिथे धाक वाढवून गुण वाढत नाहीत.

आपल्या मुलांच्या पाठीवरचं जास्तीचं ओझं

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात असं नोंदलं होतं की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर वर्गांत ५० मागे एक मुस्लिम आहे. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात मुस्लिम विद्यार्थ्यांचं प्रमाण ४.६ टक्के होतं. लोकसंख्येतला वाटा २०११ च्या जनगणनेनुसार १४.२ टक्के आहे. समाधानाची गोष्ट इतकीच की या विद्यार्थ्यांमध्ये जवळपास निम्म्या मुली आहेत.

या आकड्यांचा धास्तीशी काय संबंध? संबंध असा की आपल्यातले कितीतरी विद्यार्थी घरातले पहिले, मोहल्ल्यातले पहिले असतात. पहिल्याला वाट विचारायला कोणी नसतं. एटीकेटी म्हणजे काय, ती लागली तरी पुढच्या वर्गात बसता येतं, हे घरात कोणालाच ठाऊक नसतं. एका विषयात नापास झाला की घराला वाटतं, संपलं सगळं. शिवाय पहिल्यावर सगळ्यांच्या आशा असतात. वर्गात आपल्या नावाचा तो एकटाच असेल तर चुकताना त्याला वाटतं की आपण एकटे चुकत नाही, सगळ्यांची मान खाली घालतो आहोत.

पुण्यात इंजिनीअरिंगला असलेल्या आमच्या ओळखीतल्या एका मुलाने दोन सेमिस्टरचे निकाल घरी सांगितलेच नाहीत. फीसाठी अम्मीचे दागिने बँकेत ठेवलेले होते. तो आम्हाला म्हणाला, “पुस्तक उघडलं की मला बांगड्या दिसायच्या.” पाच विषय साचेपर्यंत तो दर शुक्रवारी घरी फोन करून “सगळं ठीक” म्हणत होता.

मुलींचं ओझं आणखी वेगळं. मुलाचा पेपर गेला तर पेपर जातो. मुलीचा गेला तर अनेक घरांत तिचं शिक्षणच पणाला लागतं. पहिल्या प्रश्नाच्या वेळी तिच्यापुढे फक्त प्रश्न नसतो. पुढची सगळी वर्षं तिथे टांगलेली असतात. अशा वेळी हात थरथरला तर नवल काय?

ईमान कमजोर आहे का?

अशा मुलांना आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं की ईमान पक्कं असेल तर घाबरण्याचं कारणच नाही. हेतू धीर देण्याचा असतो, पण मुलाच्या मनावर दुहेरी भार पडतो. आधी परीक्षेची भीती होती, आता गुन्हेगार असल्याची भावनाही येते.

जरा आठवून पाहू. हजरत याकूब (अलै.) मुलाच्या विरहात एवढे रडले की त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या ईमानावर कोणी बोट ठेवेल का? हजरत मूसा (अलै.) यांना फिरऔनच्या दरबारात जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा आपल्याला भीती वाटते आणि जीभ अडखळते, हे त्यांनी अल्लाहपुढे लपवलं नाही. त्यांनी छाती मोकळी होण्याची दुआ केली आणि सोबत भाऊ हारून (अलै.) यांची मदतही मागितली. भीती कबूल करणं, दुआ करणं आणि माणसाची मदत मागणं, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या. आपण मुलांना यातली एकच शिकवतो.

उपचाराची परंपराही आपल्याला परकी नाही. इ.स. ९३४ मध्ये वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ हा ग्रंथ लिहिला. त्यात शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्याचा स्वतंत्र भाग आहे आणि भीती, उदासी, राग, मनात घोळत राहणारे विचार यांचा वेगवेगळा विचार आहे. घरात जशी अडीअडचणीची औषधं आधीच आणून ठेवतो, तसे धीर देणारे विचार मन शांत असतानाच जमवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला होता. हजार वर्षांपूर्वीच्या एका मुस्लिम विद्वानाला जे लाजिरवाणं वाटलं नाही, त्याची लाज आपण का बाळगावी?

विद्यार्थ्यांनी काय करावं

आम्ही आमच्या हॉलमध्ये ज्या गोष्टी करून पाहिल्या आणि ज्यांना अभ्यासाचा आधार आहे, त्याच इथे सांगतो.

पहिली गोष्ट, पुस्तक मिटून आठवा. एक भाग वाचला की पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून ताडून पाहायचं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर आठवून पाहिलेल्यांचीच बाजू वरचढ ठरते. २०१६ मधल्या एका प्रयोगात याहून महत्त्वाची गोष्ट दिसली. लोकांसमोर भाषण आणि गणित करायला लावून मुद्दाम ताण दिल्यावर, नुसतं वाचून शिकलेल्यांची स्मृती घसरली. आठवून-आठवून शिकलेल्यांची टिकली. येत असलेलं ऐनवेळी न आठवणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगला उपाय आम्हाला माहीत नाही.

दुसरी गोष्ट, परीक्षेचा सराव परीक्षेसारखाच करा. घरी गादीवर लोळत सोडवलेला पेपर वेगळा आणि बाकावर घड्याळ लावून तीन तास सोडवलेला वेगळा. अनोळखी जागेची भीती सवयीनेच मोडते.

तिसरी गोष्ट, चिंता कागदावर उतरवा. शिकागो विद्यापीठातले रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांना पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढायला लावली, आणि जास्त घाबरणाऱ्यांचे गुण सुधारले. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फायदा दिसला नाही, पण याला खर्च एका कागदाचा आहे. ओट्यावरची खरकटी भांडी मोरीत ठेवण्यासारखंच हे आहे.

चौथी गोष्ट, धडधडीला दुसरं नाव द्या. २०१४ मध्ये अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या प्रयोगांत, ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असं म्हणणाऱ्यांनी भाषण आणि गणित जास्त चांगलं केलं. धडधड तीच असते. तिला संकट समजायचं की तयारी, हे थोडंफार आपल्या हातात असतं.

पाचवी गोष्ट पेपर हातात आल्यावरची. आधी मिनिटभर श्वास हळू सोडा. आत घेताना लागतो त्याहून जास्त वेळ बाहेर सोडताना घ्या. मग सर्वांत सोपा प्रश्न शोधून तो लिहा. एक उत्तर कागदावर आलं की बडबड कमी होते. अडलेल्या प्रश्नाला जागा सोडून पुढे जा.

आणि झोप. इशाची नमाज झाल्यावर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून वेळेवर झोपा. फज्रला उठणाऱ्याला सकाळचे दोन तास मिळतात, पण रात्री वेळेवर झोपला असेल तरच ते उपयोगाचे.

घरच्यांनी काय करावं

फोनवर पहिला प्रश्न ‘पेपर कसा गेला’ हा विचारू नका. ‘जेवलीस का, झोप झाली का’ हे आधी विचारा. चाचाच्या मुलाचे टक्के सांगू नका. केलेला खर्च मोजून दाखवू नका. मुलांना तो पाठ असतो.

दुसरं, निकाल आणि लग्न यांना एका दोरीत बांधू नका. मुलीच्या लग्नाचा विचार करायचाच असेल तर तिला विचारून, वेगळ्या वेळी करा. ‘नापास झालीस तर उजवून टाकू’ असं म्हटल्याने कोणी पास झाल्याचं आम्ही आजवर पाहिलेलं नाही.

तिसरं, वाईट बातमी सांगायची वाट मोकळी ठेवा. पुण्याच्या त्या मुलाला पहिला विषय राहिला तेव्हाच घरी सांगता आलं असतं, तर पाच साचले नसते. तो आता एकेक विषय सोडवतो आहे. अम्मीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बांगड्या सुटतील रे, तू आधी घरी ये.”

डॉक्टरकडे केव्हा

परीक्षेच्या आठवड्यातली धास्ती वेगळी आणि आजार वेगळा. काही आठवडे झोप नाही, भूक नाही, अचानक श्वास कोंडून ‘आता मरणार’ असं वाटतं, कॉलेजला जाणंच बंद, मित्र तुटले, किंवा ‘मी नसलेलाच बरा’ अशी भाषा तोंडी येते, तर वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. शासनाची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, पैसे न लागता, मराठीतही बोलता येतं. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतल्याची सरकारी नोंद आहे. त्यांची कारणं नाना असतील, पण वेळेवर कोणी शेजारी बसून ऐकलं असतं तर त्यातले काही वाचले असते, यात आम्हाला शंका नाही.

कॉलेजकडूनही हक्काने मागा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, ही त्यांतली एक आहे. आपल्या मुलाच्या कॉलेजमध्ये असा कोणी आहे का, हे पालकसभेत एकदा विचारून पाहा.

त्या मुलीचं पुढे काय झालं

आम्ही आधी तिच्या अम्मीशी बोललो. मग एका जुम्म्याच्या सुट्टीला अब्बांना कुवेतला व्हिडिओ कॉल लावला. एटीकेटी म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांची समजूत होती की वर्षच गेलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग लेकीला समोर बोलावून म्हणाले, “फीचं मी रागात बोललो, बेटा. ते माझं काम आहे. तू तुझं कर.” मामूंच्या स्थळाला अम्मीनेच नकार कळवला.

त्यानंतर दर रविवारी असरपर्यंत आम्ही हॉलमध्ये तिचा पेपर घेऊ लागलो. बाक ओळीत, घड्याळ भिंतीवर, पुरवणीला दोरा, आमच्यापैकी एक जण मुद्दाम कडक चेहरा करून फेऱ्या मारणारा. पहिल्या वेळी ती वीस मिनिटांत उठून बाहेर गेली. तोंड धुऊन परत आली आणि बसली. चौथ्या वेळी तीन तास पूर्ण बसली. हळूहळू इतर मुलंही या पेपराला बसायला लागली, कारण हे दुखणं तिच्या एकटीचं नव्हतंच.

उन्हाळी परीक्षेत ऑरगॅनिक केमिस्ट्री निघाली. फिजिकल फार्मास्युटिक्स राहिली. निकालाच्या दिवशी संध्याकाळी ती हॉलवर आली, तेव्हा आम्हाला वाटलं की पुन्हा तीच गप्प बसलेली मुलगी पाहावी लागेल. तिने पिशवीतून कोरे कागद काढले आणि विचारलं, “सर, पुढच्या रविवारी फिजिकलचा पेपर काढाल का? त्यात मला खरंच येत नाही. आठवत नाही असं नाही, येतच नाही.”

येत नाही आणि आठवत नाही यातला फरक तिला आता कळू लागला होता. येत नसेल तर शिकवता येतं. आम्ही पेपर काढला.